नागापूरच्या पुलावरून

(नागापूर येथील युवक अभ्यासवर्गात केलेल्या भाषणाचा मजकूर. बोललो तसाच ठेवला आहे. थोडी काटछाट केली, एवढंच.)



मला विषय दिलाय 'माझे गाव : प्रेम आणि शोध'. पत्रिकेवर वाचलं तेव्हा खरं सांगतो, हसू आलं. शाळेत असताना 'माझा गाव' नावाचा निबंध यायचा. झुळझुळ वाहणारी नदी, पारावर बसलेली म्हातारी माणसं, देवळातली घंटा, पाटलांचा वाडा. आम्ही गाइडातून पाठ करून लिहायचो. दहापैकी सात मार्क. ज्या पारावर माझा आजा जन्मात कधी बसला नाही त्या पाराचं मी वर्णन करायचो आणि मास्तर शाबासकी द्यायचे. आता पस्तिशीला आल्यावर तोच निबंध पुन्हा लिहायला सांगताय. ठीक आहे. पण या वेळी गाइड नाही.

सुरुवातीलाच एक नड आहे, ती टाळून पुढं जाता येत नाही. १४ ऑगस्ट १९३१ ला मणिभवनात बाबासाहेब गांधींना भेटले. तेव्हा त्यांनी तोंडावर सांगितलं की मला मायभूमी नाही. ज्या भूमीत कुत्र्यामांजराला मिळते तेवढीही किंमत माणसाला मिळत नाही, प्यायला पाणी मिळत नाही, ती भूमी मी माझी कशी म्हणू, असा त्यांचा सवाल होता. पुढं ४ नोव्हेंबर १९४८ ला घटना समितीत तर त्यांनी खेड्याचं सगळं सोंगच उघडं केलं. खेडं म्हणजे अज्ञानाचं, संकुचितपणाचं, जातीयवादाचं डबकं, हा त्या भाषणाचा अर्थ. खेडी सोडा, शहराकडे चला, हे आपण त्यांच्याच तोंडून ऐकलं आणि आपल्या बापजाद्यांनी ते केलं. मग आज मी इथं उभा राहून गावावर प्रेम करा म्हणून कसं सांगू? कुणावर प्रेम करू? पांढरीवर? वेशीवर? मारुतीच्या देवळावर, जिथं माझा आजा पायरीखाली चप्पल हातात घेऊन उभा राहायचा?

हा सवाल मला सोडवता आलेला नाही. पण गेली काही वर्षं आम्ही चार-पाच जण रविवारी दोन मोटारसायकलींवर नगरच्या आजूबाजूनं हिंडतोय. वही घेऊन. त्या हिंडण्यातून काय हाती लागलं ते सांगतो.

आधी नागापूर. तुम्ही बहुतेक इथलेच, तरी सांगतो, कारण जिथं आपण रोज राहतो ते आपण बघत नाही. नगरहून मनमाड रोडनं सावेडी ओलांडली की सीना नदीचा पूल लागतो. तो ओलांडला की आपलं राज्य. एका बाजूला बोल्हेगाव, पुढं एमआयडीसी, पल्याड नवनागापूर, वडगाव गुप्ता, मग विळद घाट. नागापूर महापालिकेत, नवनागापूरला ग्रामपंचायत. म्हणजे एका नावाची दोन गावं, त्यातलं एक शहर आणि एक खेडं, आणि मधून जाणाऱ्या माणसाला कळत नाही कुठं काय संपलं. महाराष्ट्र औद्योगिक विकास महामंडळ १९६२ साली झालं, आणि त्यानंतर इथल्या माळावर शेड उभ्या राहिल्या. जुनं गावठाण मध्ये सापडलं. मारुतीच्या देवळाशेजारी ठेकेदाराचं ऑफिस. बैलपोळ्याला कंटेनर थांबून राहतात.

हे काही निबंधातलं गाव नाही. शहरही नाही. नगरातली माणसं अजून 'एमआयडीसीत राहतो' म्हटलं की नाक मुरडतात. पण मला विचाराल तर आपल्यासारख्यांना हेच गाव बरं. इथं पार नाही म्हणून पारावर कोण बसणार हा प्रश्न नाही. टपरीवरचा चहा कागदी कपात येतो. तो सगळ्यांना कागदी कपातच येतो.

माझी आजी इथं १९७२ च्या दुष्काळात आली. पाथर्डीच्या बाजूचं एक गाव होतं तिचं, त्याचं नाव मी घेत नाही. का ते पुढं कळेल. त्या साली सगळा जिल्हाच उठून रस्त्यावर आला होता. खडी फोडायची, नालाबांधाची माती वाहायची, संध्याकाळी सुकडी नाहीतर मिलो घेऊन यायचं. माझा बाप तेव्हा सात वर्षांचा. तो डोक्यावर पाटी घ्यायला लहान म्हणून पाणी वाटायला ठेवला. आणि तिथं एक गंमत झाली. आजी सांगायची, "दुस्काळानं एक केलं बघ. तुझ्या बापाच्या हातचं पाणी समदी प्याली. तान लागल्यावर कुनी इचारतंय व्हय?" पाऊस पडला, कामं बंद झाली, आणि गावात परत तेच. तेव्हा आजीनं गाठोडं बांधलं आणि नगरची वाट धरली. पुढं माझा बाप इथल्या एका कारखान्यात ठेकेदाराकडं लागला. पॉवर प्रेसवर उजव्या हाताची दोन बोटं गेली. त्या दोन बोटांच्या भरपाईतून आमच्या घरावर पत्रा पडला. म्हणून म्हणतो, नागापूरशी माझं नातं फार जवळचं आहे. माझ्या बापाची दोन बोटं या मातीत आहेत.

तरीपण कुणी विचारलं, "गाव कोणतं?" तर मी नागापूर सांगत नाही. म्हणजे सांगतो, पण समोरच्याचं समाधान होत नाही. "ते झालं हो. मूळ गाव?" तुम्हाला हे माहीत आहे. खोली भाड्यानं घ्यायला गेलो की विचारतात. आधी आडनाव. आडनावातून नीट अंदाज आला नाही तर मूळ गाव. गाव कळलं की त्या गावात त्या आडनावाचे लोक कुठल्या आळीत राहतात ते त्याला एका फोनवर कळतं. सावेडीत एका मालकानं मला मूळ गाव विचारलं, मी सांगितलं, आणि संध्याकाळी खोली 'नात्यातल्या माणसाला' देऊन झाली होती. आपल्याकडं गाव हा पत्ता नसतो. गाव म्हणजे जातीचा दाखला असतो, फुकट मिळणारा.

तर आम्ही हिंडायला लागलो त्याचं खरं कारण हे. म्हटलं, ज्या गावाच्या नावानं आपल्याला ओळखतात आणि हाकलतात, ते गाव आपण कधी बघितलंय का? हा जिल्हा कधी बघितलाय का?

आपण जिल्हा कसा बघतो ते जरा आठवा. सोनई कधी बघितलं? १ जानेवारी २०१३ ला मेहतर समाजाच्या तीन पोरांचे तुकडे झाले तेव्हा. खर्डा कधी बघितलं? एप्रिल २०१४ मध्ये सतरा वर्षांच्या पोराला मारून झाडाला टांगलं तेव्हा. साक्षीदार फुटले, २०१७ ला आरोपी निर्दोष सुटले, तेव्हा पुन्हा एकदा. आपल्या डोक्यातला नगर जिल्ह्याचा नकाशा हा असा आहे. जिथं मढं पडलं तिथं आपली गाडी जाते. आपण निवेदन देतो, घोषणा देतो, संध्याकाळी परत. त्या गावात पाणी कुठून येतं, आपली वस्ती किती वर्षांची आहे, तिथं आपल्यातलं कोण शिकलं, कोण पैलवान होतं, जलशात कोण गायचं, यातलं काहीच आपण विचारत नाही. विचारायला वेळ नसतो. मी दोष देत नाही. मीही त्यातलाच.

पण हरेगावचं ऐका. श्रीरामपूर तालुक्यातलं हरेगाव. ऑगस्ट २०२३ मध्ये तिथं शेळी आणि कबुतरं चोरल्याच्या संशयावरून चार दलित पोरांना झाडाला उलटं टांगून मारलं. व्हिडिओ सगळ्यांनी बघितला. मीही बघितला आणि दोन दिवस जेवण गेलं नाही. मग एका म्हाताऱ्या कार्यकर्त्याला फोन केला तर तो म्हणाला, "अरे, हरेगावला बाबासाहेब आले होते!" मला माहीतच नव्हतं. डिसेंबर १९३९ मध्ये हरेगावला वतनदार महार-मांग-वेठियांची परिषद झाली, आणि अध्यक्ष होते बाबासाहेब. सरकारनं वतनाच्या जमिनींवरची जुडी वाढवायचा घाट घातला होता, त्याच्याविरुद्ध ती परिषद. १९२८ साली मुंबई कौन्सिलात त्यांनी वतनाच्या कायद्यात सुधारणेचं बिल आणलं होतं, त्याच झगड्याचा हा पुढचा भाग. आणि हरेगाव तरी कसलं? साखर कारखान्याचं गाव. कंपनीचा मळा, मजुरांच्या चाळी, मतमाउलीच्या यात्रेला सप्टेंबरात लोटणारी ख्रिस्ती माणसं, ज्यांतले कितीतरी आपल्याच वाड्यातून गेलेले.

म्हणजे बघा. ज्या गावात आपल्या पोरांना उलटं टांगलं, त्याच गावात ८४ वर्षांपूर्वी आपले आजे-पणजे हजारोंनी उभे होते आणि सरकारला दम देत होते. हे मला आधी माहीत असतं तर काय फरक पडला असता? पोरांचा मार चुकला नसता. पण मी तिथं गेलो असतो तो फक्त रडायला आणि ओरडायला गेलो नसतो. मी आपल्या गावात आलोय, असं म्हणून गेलो असतो. हा फरक ज्याला लहान वाटतो त्यानं पोलीस स्टेशनात परका म्हणून आणि गावचा म्हणून, दोन्ही रीतीनं एकेकदा उभं राहून बघावं.

आता नगर शहर. इथं हेरिटेज-बिरिटेज भरपूर आहे, आणि ते बघायला येणारेही भरपूर. अहमद निजामशहानं १४९० साली शहराचा पाया घातला, भुईकोट किल्ला, चांदबीबी, १६०० साली मोगलांनी किल्ला घेतला, १८०३ ला इंग्रजांच्या वेलस्लीनं. १९४२ पासून नेहरू, पटेल, आझाद असे बारा पुढारी इथं कैदेत. नेहरूंनी आपलं भारताच्या शोधाचं पुस्तक इथंच लिहिलं, आझादांची पत्रंही इथलीच. आम्ही पाच जण गेलो तेव्हा गाइडाच्या तोंडी हेच. आमच्यातला एक जण, त्याचा बाप गवंडी, तो विचारतो, "हे दगड कुणी वाहिले?" गाइड म्हणाला, "हुसेन निजामशहानं बांधला." पोरगं म्हणतंय, "एकट्यानं?"

हसू नका. नेहरूंनी त्या पुस्तकात लिहिलंय की तुरुंगात फुलांचे वाफे करायला त्यांनी कुदळ चालवली आणि खालून जुन्या भिंतींचे अवशेष निघाले. चांगली गोष्ट आहे. पण त्या भिंती ज्यांनी घातल्या त्यांच्यापर्यंत कुदळ पोचली नाही. ती आपल्यालाच पोचवायला लागेल.

किल्ल्याजवळच एक लहानशी दमडी मशीद आहे. १५६७-६८ च्या सुमाराची, साहिर खान नावाच्या सरदारानं बांधलेली. नक्षी अशी की दगड नाही, लाकूड कोरलंय वाटावं. पण मला नक्षीपेक्षा नावाचं पडलंय. असं सांगतात की किल्ल्याच्या कामावरच्या मजुरांनी आपापल्या मजुरीतली एकेक दमडी काढून दिली, त्यातून ती झाली, म्हणून दमडी मशीद. सबंध नगरात मजुरांच्या पैशाचं नाव लागलेली दुसरी एवढी जुनी इमारत मी बघितलेली नाही. ती वर्गणी स्वखुशीची होती का मुकादमानं कापून घेतली, हे विचारायची खोड आपल्याला आहे, आणि ती सोडू नका. तरी पुढच्या वेळी पाहुण्याला नगर दाखवायचं तर किल्ल्याआधी तिथं न्या.

आणि मलिक अंबर! आपल्या चळवळीचं नाव कुठून आलं? १९६६ साली अमेरिकेत ओकलंडला काळ्या पोरांनी ब्लॅक पँथर काढली, तिच्यावरून १९७२ ला मुंबईत दलित पँथर झाली. आपण ओकलंडकडं बघत होतो तेव्हा आपल्या पायाखाली कोण होतं? इथिओपियातून गुलाम म्हणून विकलेला, हातोहात विकत विकत दख्खनपर्यंत आलेला हबशी. तो निजामशाहीचा कारभारी झाला. १६०० नंतर पंचवीस वर्षं दिल्लीच्या बादशहाच्या नाकी नऊ आणले. खडकी वसवली, तेच पुढचं औरंगाबाद. नगर तालुक्यातल्या भातोडीला १६२४ साली त्यानं मोगल आणि विजापूर या दोघांच्या फौजेला हरवलं, तलाव फोडून त्यांच्या छावणीत चिखल केला. शहाजीराजे त्या लढाईत त्याच्या बाजूनं होते. आम्ही भातोडीला गेलो. तलावावर म्हशी पाण्यात बसल्या होत्या. एका म्हाताऱ्यानं 'अंबर' म्हटल्यावर आभाळाकडं बोट दाखवलं.

उगीच त्याला डोक्यावर घेऊन नाचू नका. तोही राजसत्तेचाच माणूस. त्याच्या जमाबंदीचं इतिहासवाले कौतुक करतात, पण गावगाडा तोच होता आणि गावगाड्याखाली आपण तिथंच होतो. तरीपण काळ्या कातडीचा, बाजारात विकलेला माणूस या मातीत राज्य हाकत होता, हे सातवीतल्या पोराला सांगून बघा. त्याचे डोळे कसे होतात ते बघा.

शिक्षणाचं तर नगर माहेरच. अमेरिकन मराठी मिशन इथं १८३१ साली आलं. मुलींच्या शाळा काढल्या. त्यातल्या मिस फरारबाईंची शाळा जोतिबांनी येऊन बघितली आणि मगच पुण्यात आपली काढली. सावित्रीबाई शिक्षिकेचं शिक्षण घ्यायला इथंच आल्या होत्या, असं सांगतात. 'ज्ञानोदय' हे पत्र १८४२ ला नगरात सुरू झालं, आणि त्याच पत्रात १८५५ साली मुक्ता साळवे या फुल्यांच्या शाळेतल्या चौदा वर्षांच्या मांगाच्या मुलीनं मांग-महारांच्या दुःखावर निबंध लिहिला. आज आपण जे लिटल मॅगझिन काढतो, त्याची आजी ती. आपण समजतो आपलं लिखाण सत्तर सालानंतर सुरू झालं.

मिशनच्या वाटेनं आपले कितीतरी लोक ख्रिस्ती झाले, हे नगरमध्ये वेगळं सांगायला नको. प्रत्येक वस्तीत एक देऊळ, म्हणजे चर्च, आणि एक विहार. एकाच आज्याची नातवंडं, एकाच्या दाराला क्रूस, दुसऱ्याच्या दारावर निळा झेंडा. १९५० च्या राष्ट्रपतींच्या आदेशानं अनुसूचित जातीचा हक्क हिंदूंपुरता ठेवला. शिखांना १९५६ ला मिळाला, बौद्धांना १९९० ला. ख्रिस्त्यांना नाही. त्यामुळं दाखल्यावर एक धर्म आणि घरात एक धर्म, अशी माणसं आपल्या शेजारी राहतात आणि आपण त्यांना 'सवलतीसाठी' म्हणून हिणवतो. आपण हिणवतो, हे लिहून घ्या. आपल्या वस्तीचा शोध घ्यायचा म्हटलं की अशी आपलीही घाण वर येणार. फक्त पाटलाची घाण शोधायची असेल तर हिंडायची गरज नाही, ती घरबसल्या दिसते.

आता आजीचं सांगतो. ते सांगायला मी इथं आलोय.

२०१६ साली मी तिला म्हटलं, चल, तुझं गाव बघू. नाही म्हणाली. "काय ऱ्हायलंय तिथं? मला नगं नेऊ." चार महिने मागं लागलो. शेवटी एका रविवारी गाडी केली. पाथर्डी रोडनं निघालो. डोंगरावर चांदबीबीचा महाल दिसला, म्हणजे लोक त्याला चांदबीबीचा महाल म्हणतात, खरी ती सलाबतखानाची कबर. आजी म्हणाली, "ह्यो दिसला की आमी म्हनायचो, नगर आलं. पायानं आलो तव्हा ह्योच बघत आलो." करंजीचा घाट उतरलो तशी ती गप्प झाली.

गावात शिरायच्या आधी तिनं गाडी थांबवली. वेशीतून गाडी नेऊ नको म्हणाली. म्हटलं, आजी, आता डांबरी रस्ता आहे, एसटी जाते. तरी नाही. आम्ही मागून ओढ्यानं गेलो. पंचाहत्तरीची बाई, गुडघे गेलेले, चव्वेचाळीस वर्षांनी गावात येतेय आणि पायाला अजून जुनीच वाट माहीत. मला राग आला. तिचा का गावाचा, ते मला तेव्हा कळलं नाही.

वस्तीत आता सिमेंटची घरं. तिच्या ओळखीचं एक जण उरलेलं, तीही आंधळी. दोघी अर्धा तास एकमेकींचे हात धरून बसल्या, बोलल्या काहीच नाहीत. मग आजी मला विहिरीकडं घेऊन गेली. गावची विहीर, आता बुजलेली, वर जाळी. तिथून वीस पावलांवर एक दगड होता. म्हणाली, "हितं उभं ऱ्हायाचं. घागर खाली ठिवायची. कुनी येऊन घालील तव्हा पानी." मी विचारलं, किती वेळ? म्हणाली, "तुझा बाप पोटात व्हता तव्हा सकाळधरनं दुपारपातूर." आणि मग एकदम तिचा चेहराच बदलला. ओढ्याकाठी चिंच होती. तिथं गेली आणि खोडाला हात लावून हसायला लागली. या चिंचेखाली ती आणि तिच्या मैत्रिणी झोका बांधायच्या. नागपंचमीला गाणी म्हणायच्या. तिनं दोन ओळी म्हणूनही दाखवल्या, त्या मी इथं सांगत नाही, त्या तिच्या आहेत. खाली पडलेल्या चिंचा तिनं ओट्यात भरल्या. येताना गाडीत म्हणाली, "गाव वंगाळ नव्हतं रं बाळा. गावकी वंगाळ व्हती."

मी ते वाक्य घेऊन बरेच दिवस भांडलो. बाबासाहेबांना मायभूमी नव्हती आणि माझ्या आजीला चिंच होती. कोण खरं? माझा एक मित्र, मोठा वाचलेला, म्हणाला, ही भावनिकता आहे, सरंजामी अवशेष आहे, म्हातारीला गुलामीची सवय झाली होती. मी त्याला म्हटलं, तू वाचलंयस खूप, पण तू त्या दगडापाशी उभा राहिला नाहीस. तिनं विहीर माफ केली नाही. त्या वीस पावलांपुढं ती त्या दिवशीही गेली नाही, विहीर बुजलेली असूनसुद्धा. पण चिंच तिची होती, ती तिनं सोडली नाही. दोन्ही गोष्टी तिनं एकाच ओट्यात आणल्या. बाबासाहेब ज्या भूमीला नाही म्हणाले ती त्या विहिरीची भूमी. चिंच पाटलाच्या सातबाऱ्यावर असेल, पण झोका आमचा होता.

२०१९ ला आजी गेली. तिनं आणलेल्या चिंचोक्यांतले दोन इथं नागापुरात घरामागं लावले होते. एक जगलाय. झोका बांधण्याएवढा अजून नाही.

गावचं नाव का घेत नाही ते आता कळलं असेल. आमच्या भावकीतली चार घरं अजून तिथं आहेत आणि त्यांना रोज त्याच वेशीतून जायचंय.

तिथून आल्यावर मी एक काम केलं, ते तुम्हीही करा. गावचे जुने सातबारे आणि फेरफार काढले. तलाठ्याकडं जा, घाबरू नका, तो तुमचा हक्क आहे. महार वतन १९५८ च्या कायद्यानं गेलं, अंमल १९५९ पासून. वतनाच्या जमिनी नजराणा भरून, नव्या शर्तीनं परत द्यायच्या होत्या. सातबाऱ्यावर 'भोगवटादार वर्ग २' दिसलं की थांबा आणि मागचे फेरफार बघा. कुठली हाडोळा जमीन कुणाच्या नावावर कशी गेली, ते त्यात तारीखवार सापडतं. कुणाची किती आण्यात गेली, कुणाच्या अंगठ्यावर गेली. मला माझ्या पणज्याचा अंगठा सापडला. त्याच्या बोटाच्या रेषा दिसत होत्या. त्याचा फोटो नाही आमच्याकडं, अंगठा आहे. कुणी म्हणेल हे गावावरचं प्रेम कसलं, ही तर वसुली झाली. असू दे.

ऑक्टोबर २०२४ मध्ये जिल्ह्याचं नाव अहिल्यानगर झालं. चौंडीच्या अहिल्याबाई याच जिल्ह्यातल्या, मोठी बाई. मला विचारतात तुझं मत काय. नावाची किंमत आपल्याला कुणी शिकवू नये. १९७८ च्या ठरावापासून १९९४ च्या नामविस्तारापर्यंत मराठवाड्यात आपल्या लोकांची घरं जळली, माणसं गेली, ती एका नावासाठीच. तेव्हा नावाला काय ठेवलंय, असं मी कधी म्हणणार नाही. मी एवढंच म्हणतो की जिल्ह्याची पाटी रंगवून झाली असेल तर आता आपल्या वस्त्यांची नावं लिहायला घेऊ. कुठल्या वस्तीला सिद्धार्थनगर नाव कधी पडलं, कुणी पाडलं, त्याआधी तिला काय म्हणायचे, त्यासाठी कुणाची डोकी फुटली. ही नावं देणारी माणसं अजून जिवंत आहेत. ऐंशीच्या घरात आहेत. दर महिन्याला एक जातोय.

आपल्या लेखकांनी हे काम आधीच सुरू केलंय, त्यांनी त्याला शोधबिध नाव दिलं नाही एवढंच. नामदेव ढसाळांनी गोलपिठ्याची गल्ली न् गल्ली लिहिली. दया पवार तर आपल्याच जिल्ह्यातले, अकोले तालुक्यातल्या धामणगावचे. १९७८ च्या 'बलुतं'मध्ये ते गाव आणि मुंबईचा कावाखाना दोन्ही आहेत, आणि दोन्हीवर राग आहे, आणि दोन्हींतली माणसं जीव लावून लिहिलेली आहेत. राग आणि जीव एकत्र ठेवायला ते घाबरले नाहीत.

एक शेवटचं, मग बसतो. चहा आलाय असं दिसतंय.

पुलाखालची सीना. आपण तिला नदी म्हणत नाही. वास आला की काच वर करतो. जेऊर आणि जामगावच्या बाजूनं दोन ओढे येतात, त्यांची ती होते, शहराला वळसा घालून खाली सोलापूर जिल्ह्यात जाते. तिथं कुडलला भीमेला मिळते. भीमेला! त्या संगमावर शके ९४०, म्हणजे १०१८ सालचा शिलालेख आहे, मराठीतल्या सगळ्यात जुन्या लेखांत तो धरतात. म्हणजे आपल्या पुलाखालनं जे काळं पाणी जातंय ते मराठीच्या पहिल्या अक्षरांपाशी जाऊन भीमेत पडतंय. यावर कविता करू नका, आधी चालत जाऊ.

पुढच्या रविवारी सकाळी सात वाजता नागापूरच्या पुलावर जमायचंय. पहिल्या दिवशी बुरुडगावपर्यंत काठाकाठानं. कुठली गटार कुठं मिळते ते वहीत लिहायचं, काठावरच्या वस्त्या मोजायच्या, आणि पहिला पूर कुणाच्या घरात शिरतो ते तिथल्या बायांना विचारायचं, बाप्यांना नाही, घर आवरायला बायाच असतात. भाकरी आपापली आणायची. ज्याच्या घरी म्हातारं माणूस आहे आणि चालू शकतंय, त्यानं त्यालाही आणावं. गाडीची सोय करतो.